बऱ्या झालेल्या माणसाचा ताबा

आमच्या आत्याला एका मनोरुग्णालयातून घरी आणायला वडील गेले, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि त्यांच्यासोबत गेलो होतो. कार्यालयात वडिलांपुढे जो कागद ठेवला गेला, त्यावर 'रुग्णास ताब्यात घेतले' असा मजकूर होता आणि त्याखाली नातेवाइकाचे नाव, नाते, पत्ता व सही यांसाठी जागा सोडलेली होती. आत्या हातात कापडी पिशवी घेऊन शेजारीच उभी होती. तिची प्रकृती त्याआधी सहा वर्षांपासून स्थिर असल्याचे शेरे केसपेपरवर होते. ती सहा वर्षे ती तिथे का राहिली, तर आम्ही तिला न्यायला गेलो नव्हतो म्हणून. तो दोष आमच्या घराचा आहे आणि त्याबद्दल मला काहीही सारवासारव करायची नाही. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. उपचार पूर्ण झालेल्या, स्वतःचे बरेवाईट कळणाऱ्या एका प्रौढ बाईची सुटका आमच्या येण्यावर का अवलंबून होती? हाडाच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून घरी सोडलेल्या माणसाला कोणी 'ताब्यात' घेत नाही. तो शब्द आपण चोरीला गेलेल्या वस्तूसाठी, आरोपीसाठी आणि मनोरुग्णासाठी वापरतो.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये महाराष्ट्र शासन चालवते आणि त्यांची मंजूर खाटांची एकत्रित संख्या ५,६९५ इतकी आहे. त्यांपैकी येरवड्याचे २,५४० खाटांचे रुग्णालय देशातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत गणले जाते. ही चारही रुग्णालये इंग्रजी अमदानीतली आहेत, आणि त्या काळी अशी संस्था उभारण्यामागे उपचारापेक्षा समाजापासून वेगळे ठेवण्याचा हेतू अधिक होता, हे त्यांच्या उंच भिंतींवरून आजही कळते. पुढे १९५० च्या दशकात मनोविकारांवर परिणामकारक औषधे आली आणि स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा रुग्णही काही आठवड्यांत सावरू शकतो हे सिद्ध झाले. औषध बदलले, कायदेही दोनदा बदलले. दाराशी उभे राहून 'न्यायला कोण आले आहे?' असे विचारण्याची रीत मात्र बदलली नाही.

ही रीत किती माणसांना आत ठेवते, याचा एक आकडा सार्वजनिक झालेला आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेच्या सुनावणीत असे समोर आले, की या चार रुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेले ४७५ रुग्ण आहेत आणि त्यांपैकी २६३ जण घरी सोडण्यास योग्य आहेत. म्हणजे दहा वर्षांपेक्षा जास्त काळ राहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आजारासाठी तिथे राहत नव्हती. दहापेक्षा कमी वर्षे अडकून पडलेले लोक या आकड्यात येतच नाहीत. आमची आत्याही त्यात आली नसती.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही म्हणून थोडी विस्ताराने मांडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्यापूर्वीचे १९१२ आणि १९८७ चे कायदे रुग्णाला मुख्यतः दाखल कसे करायचे याची चिंता वाहणारे होते. नव्या कायद्याच्या १९ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, राहायला घर नाही किंवा समाजात सोयी उपलब्ध नाहीत, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे ते कलम सांगते. जी कारणे आजवर रुग्णाला ठेवून घेण्यासाठी पुढे केली जात होती, नेमकी तीच कारणे कायद्याने नाव घेऊन बाद केली आहेत. स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाने जाण्याची इच्छा व्यक्त केली, तर कायद्यात सांगितलेले थोडे अपवाद वगळता त्याला जाऊ द्यावे लागते. दुसऱ्याच्या मदतीने दाखल केलेल्या रुग्णासाठी पहिली मुदत तीस दिवसांची आहे. ती वाढवायची असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी लागते आणि याच कायद्याखाली नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची संमती लागते. आणि ९८ व्या कलमानुसार रुग्णाला सोडण्यापूर्वी पुढील उपचारांची व सेवांची योजना तयार करावी लागते; ती करताना खुद्द रुग्णाशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे. नातेवाईक आल्याशिवाय बरे झालेल्या प्रौढाला सोडू नये, अशी अट या कायद्यात कुठेही नाही.

मग ती रीत टिकते कशी? याचे सोपे उत्तर लोक कुटुंबाच्या निर्दयतेत शोधतात. वर्तमानपत्रांतून अधूनमधून 'रक्ताची नाती विसरली' अशा धर्तीच्या बातम्या येतात आणि वाचणारा हळहळून पान उलटतो. मी ज्या घरात वाढलो त्या घरानेच हे केलेले असल्यामुळे मला हे उत्तर अपुरे वाटते. आम्ही निर्दय नव्हतो. दोन खोल्यांत सात माणसे राहत होती, घरात लग्नाच्या दोन मुली होत्या, आणि 'यांच्यात वेडाचे आहे' असे एकदा सोयऱ्यांत पसरले की स्थळे येणे बंद होईल, ही भीती आईला रात्रंदिवस होती. त्याहून मोठी भीती आजाराच्या पहिल्या दिवसांची होती. आत्याने त्या काळात स्वतःला कोंडून घेतले होते, एकदा ती रात्री घराबाहेर निघून गेली होती आणि दोन दिवसांनी स्टेशनवर सापडली होती. पुन्हा तसे झाले तर काय करायचे, कोणाला फोन करायचा, कोणत्या दवाखान्यात न्यायचे, याचे उत्तर आम्हाला कोणीही दिले नव्हते. रुग्णालयातून घरी येणारे पत्र फक्त एवढेच सांगे की रुग्ण बरा आहे, घेऊन जा.

अर्थात सगळी कुटुंबे भीतीमुळेच दूर राहतात असेही नाही. जमिनीचा आणि घराचा हिस्सा हे एक न बोलले जाणारे कारण आहे. बहीण मनोरुग्णालयात असली, तर तिच्या वाट्याचा विषय निघत नाही. भाऊ तिथे असला, तर त्याच्या नावचे शेत दुसरा भाऊ कसतो आणि पीकही त्याच्याच घरी जाते. माणूस परत आला की सातबाऱ्यावरचे त्याचे नावही जिवंत होते. बायकांची स्थिती आणखी बिकट असते, कारण त्यांना माहेर आणि सासर अशी दोन घरे आहेत असे मानले जाते आणि प्रत्यक्षात दोन्हींपैकी एकही त्यांचे नसते. नवरा सांगतो की माहेरच्यांनी न्यावे, भाऊ सांगतो की लग्न झाले तेव्हाच आमची जबाबदारी संपली. मधल्या काळात घटस्फोट झाला असेल किंवा नवऱ्याने दुसरा संसार थाटला असेल, तर त्या बाईचा केसपेपरवरचा पत्ता हा ती कधीच परत जाऊ शकणार नाही अशा घराचा पत्ता होतो. याच १९ व्या कलमाने शासनावर अशी जबाबदारी टाकली आहे, की कुटुंबाने टाकलेल्या व्यक्तीला कायदेविषयक मदत द्यावी आणि कुटुंबाच्या घरात राहण्याचा तिचा हक्क बजावून घ्यायला साहाय्य करावे. विधी सेवा प्राधिकरणे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. वॉर्डात बसून एकेका बाईचा सातबारा, वारसनोंद आणि रेशन कार्ड तपासणारा वकील तिला मिळाला, तर काही घरांची दारे वेगळ्या रीतीने उघडतील. दार उघडल्यावर ती आत सुखाने राहील का, हा प्रश्न उरतोच; परंतु निदान आपल्या हिश्श्याचे काय करायचे हे ती ठरवू शकेल.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो मी टाळणार नाही. बरे झालेल्या माणसाला जायला जागा नसताना सोडून देणे म्हणजे त्याला फुटपाथवर टाकणे होय; त्यापेक्षा रुग्णालयात दोन वेळचे जेवण आणि डोक्यावर छप्पर तरी मिळते, असे अनेक प्रामाणिक डॉक्टर व परिचारिका म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. दक्षिण आफ्रिकेतील खाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्याने २०१६ साली खर्च वाचवण्यासाठी लाइफ एसिडिमेनी या संस्थेबरोबरचा करार मोडला आणि सुमारे १,७०० मनोरुग्णांना तिथून घाईने बाहेर काढले. त्यांतील बहुसंख्यांना रीतसर परवाना नसलेल्या स्वयंसेवी संस्थांकडे पाठवण्यात आले. काहींची कागदपत्रेसुद्धा सोबत दिली गेली नाहीत, आणि कित्येक नातेवाइकांना आपला माणूस कुठे नेला हे आठवडेच्या आठवडे कळले नाही. उपासमार, थंडी, निर्जलीकरण आणि दुर्लक्ष यांमुळे त्यांतील १४४ जण मरण पावले. 'समाजात परत पाठवणे' हेच शब्द त्या निर्णयाच्या समर्थनार्थ वापरले गेले होते.

महाराष्ट्रानेही या वाटेवर एक पाऊल टाकले होते. बरे झालेल्या रुग्णांना मनोरुग्णालयांतून वृद्धाश्रमांत आणि भिक्षेकरी गृहांत हलवून ते कायद्याचे पालन म्हणून दाखवले जात असल्याचे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आले, तेव्हा न्यायालयाने ही पद्धत कायद्याच्या हेतूविरुद्ध असल्याचे सांगून ती ताबडतोब थांबवायला सांगितले. चाळीस वर्षांच्या बऱ्या झालेल्या बाईला भिक्षेकरी गृहात ठेवले, की कागदावर एक खाट रिकामी होते आणि त्या बाईच्या आयुष्यात केवळ कुलूप बदलते.

तरीही या आक्षेपातून 'म्हणून आतच राहू द्या' हा निष्कर्ष निघत नाही. जागा नाही ही उणीव शासनाची आहे आणि तिची शिक्षा रुग्ण भोगतो आहे. इटलीतील त्रिएस्ते शहराचे उदाहरण इथे उपयोगी पडते. मानसोपचारतज्ज्ञ फ्रांको बसालिया यांनी १९७१ पासून तेथील मोठे मनोरुग्णालय टप्प्याटप्प्याने मोकळे केले. त्यांनी आधी वॉर्डांची कुलुपे काढली, रुग्णालयात विनावेतन साफसफाई करणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था काढून त्यांना मजुरी मिळवून दिली, आणि शहराच्या वेगवेगळ्या भागांत मानसिक आरोग्य केंद्रे सुरू केली. काहींना पाठवण्याजोगे घर नव्हते. त्यांच्यासाठी लहान गटांची घरे तयार झाली आणि काही जण रुग्णालयाच्याच आवारात, पण 'पाहुणे' म्हणून, आपल्या खोलीची किल्ली आपल्याजवळ ठेवून राहिले. या अनुभवानंतर १९७८ साली इटलीने कायदा करून नवी मनोरुग्णालये उभारणे बंद केले. खाउटेंगमध्येही माणसे बाहेरच काढली गेली होती. त्रिएस्तेत बाहेरची व्यवस्था उभी राहत गेली तसे रुग्णालय रिकामे होत गेले. पैसाही रुग्णालयातून माणसांच्या मागोमाग बाहेर गेला.

आपल्याकडे अशी व्यवस्था उभी करणे परकीय कल्पना उसनी आणण्यासारखे आहे, असे मला वाटत नाही. बरे होऊनही घरी न घेतल्या जाणाऱ्या माणसांचा प्रश्न महाराष्ट्राने कुष्ठरोगाच्या निमित्ताने पूर्वी पाहिलेला आहे. वरोऱ्याजवळचे आनंदवन उभे राहिले ते याच जाणिवेतून की जंतू मेले तरी गाव परत घेत नाही, आणि मग त्या माणसाला हाताला काम, स्वतःचे घर व शेजारी लागतात. त्या प्रयोगाने हजारो आयुष्ये सावरली. त्याचबरोबर त्याने हेही दाखवून दिले की समाज बदलला नाही तर वेगळी वसाहत हाच कायमचा पत्ता होऊन बसतो. मनोविकाराच्या बाबतीत कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने दुसरी दिशा दाखवली आहे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून त्यांच्यावर उपचार करतात आणि बरे वाटू लागल्यावर त्यांनी सांगितलेल्या गावाच्या खुणांवरून घर शोधून काढत त्यांना प्रत्यक्ष घरापर्यंत पोहोचवतात. या कार्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे केंद्राचे कार्यकर्ते रुग्णाबरोबर प्रवास करतात, घरच्यांशी बोलतात, आजार समजावून सांगतात आणि औषधे देऊन येतात. पुष्कळदा असे दिसते की घरच्यांनी माणूस मेला असे समजून आशा सोडलेली असते आणि त्याला पाहून सगळे गाव गोळा होते. घरच्यांना नको असतो असे आपण गृहीत धरतो तो माणूस कैक वेळा त्यांना हवा असतो. कोणीतरी मधले अंतर चालून जावे लागते.

ते अंतर चालण्याचे काम शासकीय मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाचे आहे. शेकडो रुग्णांमागे असे मोजके अधिकारी असतील आणि त्यांचा बहुतेक दिवस नोंदवह्या भरण्यात जात असेल, तर गृहभेटी कोण करणार? या पदांची संख्या वाढवणे, त्यांना गाडी आणि प्रवासखर्च देणे, रुग्ण दाखल होईल त्याच आठवड्यात त्याच्या घराला पहिली भेट देणे, या गोष्टी इमारतींच्या नूतनीकरणापेक्षा अधिक निकडीच्या आहेत. घरी सोडण्याची तयारी सोडण्याच्या दिवशी सुरू करून चालत नाही. माणूस दाखल झाल्यापासून महिन्या-दोन महिन्यांत परत गेला, तर घरातली त्याची जागा अजून रिकामी असते. पाच वर्षांनी त्या जागेत दुसरी खाट, दुसरा संसार आणि त्याच्याशिवाय जगायची सवय आलेली असते. दाखल करताना दिलेला मोबाइल नंबर बंद पडतो, घर बदलते, आईवडील वारतात. लांबलेला प्रत्येक महिना घरी जाण्याची शक्यता कमी करत जातो, आणि 'नातेवाईक येत नाहीत' ही परिस्थिती निदान अंशतः रुग्णालयातल्या दीर्घ मुक्कामानेच तयार केलेली असते.

दुसरी गोष्ट औषधांची, आणि इथे मी पुन्हा आत्याकडे वळतो. घरी आल्यावर ती आठ महिने उत्तम राहिली. ती भाजी निवडायची, धाकट्या बहिणीची वेणी घालायची, संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन यायची. मग तालुक्याच्या रुग्णालयात तिच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या. पुढच्या आठवड्यात या, असे तीनदा सांगितले गेले. बाहेरून विकत घ्यायच्या, तर वडिलांच्या पगारात महिनाअखेरीस ते जमेना, आणि आता बरी तर आहे, असा विचार करून त्यांनी गोळ्या लांबवल्या. दोन महिन्यांत तिची झोप उडाली आणि जुने आवाज परत आले. तिला पुन्हा दाखल करावे लागले तेव्हा वॉर्डातल्या एका कर्मचाऱ्याने आईला सुनावले की तुम्हाला सांभाळायचे नव्हते तर नेलेच कशाला. आईने त्यावर काही उत्तर दिले नाही. दर महिन्याला लागणारी, स्वस्त आणि आवश्यक औषधांच्या यादीत असलेली गोळी माणसाच्या घराजवळ नियमाने मिळावी, एवढी एक गोष्ट जरी पाळली गेली, तरी परत दाखल होणाऱ्या कितीतरी रुग्णांना त्या दारातून पुन्हा आत जावे लागणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे आणि मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची शासकीय फोनसेवा २०२२ पासून आहे. मात्र फोनवर मिळालेला सल्ला गोळीची जागा घेऊ शकत नाही, आणि आठवड्यातून एकदा जिल्ह्याहून येणारा मानसोपचारतज्ज्ञ ज्या दिवशी येतो त्या दिवशी मजुरी बुडवून तालुक्याला जाणे प्रत्येकाला परवडत नाही.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाचे फारसे काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा दिव्यांगत्वाच्या प्रकारांत समावेश आहे आणि चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाल्यास संजय गांधी निराधार अनुदानासारख्या योजनांचा मार्ग खुला होतो. हे प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि बँकेचे खाते रुग्ण आत असतानाच तयार करून त्याच्या हाती दिले पाहिजे. दरमहा थोडी का होईना स्वतःची रक्कम घेऊन घरी येणाऱ्या माणसाकडे घर वेगळ्या नजरेने पाहते. हे कटू वाटेल, पण खरे आहे.

आणि ज्यांना घर खरोखरच नाही किंवा ज्यांचे घर त्यांच्यासाठी सुरक्षित नाही, त्यांच्यासाठी गावाशहरांच्या वस्तीत साधी भाड्याची घरे हवीत. चार-पाच जण एकत्र राहतील, एक मदतनीस असेल, स्वयंपाक स्वतः करतील, बाजारात जातील, जमेल ते काम करतील. चेन्नईच्या बॅनियन या संस्थेने अशी घरे चालवून दाखवली आहेत, आणि दोन-तीन दशके संस्थेत काढलेल्या स्त्रियाही तिथे शेजाऱ्यांत रुळल्या आहेत. अशा निवासांची तरतूद करणे हे कायद्याने शासनावर टाकलेले बंधन आहे. एखाद्या ट्रस्टच्या दयाबुद्धीवर ते सोडून देता येणार नाही. त्यांची जागा मनोरुग्णालयाच्या आवारात मात्र नसावी. तिथे पाटी बदलून जुन्याच वॉर्डाला नवे नाव देण्याचा मोह फार मोठा असतो.

राज्यात स्थापन झालेल्या पुनरावलोकन मंडळांनी दर सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णालयात बरे होऊनही अडकून पडलेल्या रुग्णांची संख्या जाहीर करावी, अशी माझी मागणी आहे. नावे नकोत, किती जण सोडण्यास योग्य आहेत, किती महिन्यांपासून, आणि प्रत्येकाचे अडले कुठे आहे, घरापाशी, कागदापाशी की औषधापाशी, एवढे पुरे. २६३ हा आकडा बाहेर यायला एका डॉक्टरला न्यायालयात जावे लागले. पुढचा आकडा मिळवण्यासाठी तशी वेळ येऊ नये. एका बऱ्या झालेल्या माणसाने अडवलेल्या खाटेमुळे आज झटका आलेल्या दुसऱ्या माणसाचे नातेवाईक दाराशी ताटकळत असतील, हा विचारही त्यात आहे, परंतु तो दुय्यम आहे. खाट मोकळी व्हावी म्हणून माणसाला सोडायचे नसते.

आत्याला दुसऱ्यांदा आणायला मी एकटा गेलो. तोपर्यंत मी नोकरीला लागलो होतो आणि औषधांचा खर्च मी करणार होतो. कागद तोच होता. मी लिपिकाला विचारले की खाली रुग्णाचीही सही घेता येईल का. त्यांनी नमुना उलटसुलट करून पाहिला आणि त्यासाठी जागाच नसल्याचे सांगितले. आत्याने माझ्या खिशातले पेन मागून घेतले आणि माझ्या सहीखाली, समासाच्या कडेला, आपले पूर्ण नाव लिहिले. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईचे अक्षर मोठे आणि सरळ होते. लिपिकाने ते खोडले नाही.